मॅपवरची लाल रेघ कशी ठरते
संध्याकाळी कर्वे रोडला मॅप उघडला की लाल रेघ दिसणारच, पण ती लाल ठरवतात कशी? लोकांच्या फोनच्या जीपीएसवरून स्पीड कळतो, एवढं सगळ्यांना माहितीये. २०२० मध्ये बर्लिनला सायमन वेकर्ट नावाच्या एका कलाकाराने हातगाडीत ९९ फोन घालून रिकाम्या रस्त्यावर फिरवले तर गुगल मॅप्सवर तिथे जॅम दिसला, भारीच!

पण खरी गोची शहरातल्या मेन रोडची आहे. हायवेवर स्पीड पडला म्हणजे जॅम, विषय संपला. इथे रस्ता मोकळा असला तरी लाल सिग्नलला गाड्या थांबणारच, म्हणून एका जागचा स्पीड बघून काही कळत नाही, एका चौकातून पुढच्या चौकापर्यंत किती वेळ लागला ते बघायचं आणि मग रात्री उशिरा मोकळ्या रस्त्याला लागतो त्या वेळेशी ताडून बघायचं.

सरासरी काढताना पण लोक हमखास गंडतात. एक किलोमीटर ४० ने गेलात आणि पुढचा १० ने, तर सरासरी २५ नाही, १६ येते, कारण हळू जाताना वेळ जास्त जातो ना.

आणि पुण्यात टू-व्हीलरवाले फटीफटीतून निघून जातात, मग डेटात रस्ता बरा दिसतो आणि बस मात्र तिथेच अडकलेली. बाईक आणि कारचा डेटा वेगळा केल्याशिवाय त्या आकड्यांवर माझा तरी विश्वास नाही.