उत्तर कॉम्प्युटर काढतो, मग तुम्ही काय करता?

लिनिअर प्रोग्रॅमिंगचं, म्हणजे वेळ, माणसं, माल यांच्या मर्यादांत राहून सर्वांत फायद्याचं उत्तर गणिताने शोधायचं काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच: "उत्तर तर कॉम्प्युटर काढतो, मग तुम्ही काय करता?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

उत्तर काढण्याची अडचण अमेरिकन गणिती जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ सालीच सोडवली. सगळ्या मर्यादा मांडल्या की एक कंगोरेदार आकार तयार होतो आणि सर्वांत फायद्याचं उत्तर त्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यावर असतं. त्यांची सिम्प्लेक्स पद्धत एका कोपऱ्यावरून शेजारच्या सरस कोपऱ्यावर सरकत राहते. १९८४ मध्ये भारतीय गणिती नरेंद्र करमरकरांनी आकाराच्या पोटातून जाणारी वाट दाखवली. सॉफ्टवेअरमध्ये आता दोन्ही प्रकार असतात. त्याची चिंता मला नसते.

चिंता असते ती न सांगितलेल्या मर्यादांची. खुद्द डँट्झिग यातून सुटले नाहीत. १९५० च्या दशकात वजन उतरवायला त्यांनी स्वतःचाच आहार कॉम्प्युटरला ठरवायला सांगितला. उष्मांक मोजके, पण पोट भरलेलं वाटावं, म्हणून पाणी वगळून अन्नाचं वजन जास्तीत जास्त हवं. कॉम्प्युटर म्हणाला, रोज ५०० गॅलन व्हिनेगर प्या! व्हिनेगरमध्ये जवळजवळ सगळं पाणीच असतं, हे माहितीत कुठे नोंदलंच नव्हतं. ते काढून टाकलं, तर रोज २०० सूप क्यूब (सूपसाठीच्या खारट वड्या) आले. मिठाला वरची मर्यादा घालायचं कोणाला सुचणार? शेवटी बायकोने आहार हातात घेतला, तेव्हा २२ पौंड उतरले.

माझंही व्हिनेगर झालेलं आहे. गाड्यांच्या फेऱ्यांचं एक वेळापत्रक केलं होतं; कागदावर अप्रतिम, फक्त त्यात ड्रायव्हर झोपतच नव्हता. 'विश्रांती लागते' हे मला कोणी सांगितलं नाही, कारण ते सांगावं लागतं असं कोणाला वाटलंच नाही. तेव्हापासून मी पहिल्याच बैठकीत विचारतो, "कसलं उत्तर आलं तर तुम्ही हसाल?" निम्म्या मर्यादा तिथेच सापडतात. (अडीच माणसं कामावर, हे त्यातलं नेहमीचं उत्तर. आकडा जवळच्या पूर्णांकावर नेऊन भागत नाही. पूर्णांकांची अट घातली की गणित फार अवघड होऊन बसतं.)

आणखी एक गोष्ट लोक मागत नाहीत, पण मी देतोच: शॅडो प्राइस. एखादी मर्यादा एका एककाने सैल केली तर फायदा किती वाढेल, तो आकडा. जे साधन शिल्लक उरतं, त्याचा हा आकडा शून्य. समोरचे नवं मशीन घ्यायच्या तयारीत असतात, आणि मशीनपुढे शून्य असतं. अडलेलं असतं ते पॅकिंगच्या टेबलावर. मग शांतता पसरते आणि कोणीतरी विचारतं, "गणितात चूक नाही ना?" तो कागद मी आधीच दोनदा तपासून नेलेला असतो.