वाळवंटाची तयारी: उरलेल्या 90 किलोंचा हिशेब

वाळवंटात गाडी घालायची तर आम्ही सामानाची यादी करायला बसतो ती गाडीचं माहितीपुस्तक उघडून. एकूण वजनमर्यादेतून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसांसकट किती भार चालेल ते कळतं. समजा 600 किलो. चौघांचे 300 गेले. पाणी माणशी रोज 6 लिटर, म्हणजे 5 दिवसांचं 120, वर अडकून पडलो तर म्हणून 2 दिवसांचं 48. इंधनाचे 20 लिटरचे दोन पत्र्याचे कॅन, भरून 40 किलोंच्या आसपास. हाती राहिले जेमतेम 90. तंबू, अंथरुणं, शिधा, शेगडी, फ्रिज, बॅटरी, दोर, फावडं, सगळं त्या 90 मध्ये बसवायचं. दुकानात जायचं ते हा आकडा खिशात ठेवून.

पाण्याला कात्री लावायची नाही. एकच मोठी टाकी मात्र नको. तळाशी चीर गेली तर रात्रीत सगळं वाळूत जिरतं. आम्ही 10 लिटरचे गडद रंगाचे कॅन नेतो. पारदर्शक कॅनमध्ये उन्हानं शेवाळ धरतं. विकत आणल्यावर प्रत्येक कॅन भरून, झाकण लावून, रात्रभर फरशीवर आडवा ठेवायचा. झाकणाची रबरी चकती नीट बसत नसेल तर सकाळी फरशीच सांगते. गाडीत कॅन पुढच्या सीटच्या मागे, जमिनीलगत आणि पट्ट्यानं आवळून. इंधनाचे कॅन बाहेर, भरताना जमिनीवर ठेवून, वर थोडी जागा सोडून, कारण दुपारच्या उन्हात इंधन फुगतं. मऊ वाळूत गाडी रस्त्यापेक्षा दीडपट इंधन सहज पिते, तेव्हा रस्त्यावरच्या मायलेजवर हिशेब करू नये.

टपावरच्या तंबूचा मोह सगळ्यांनाच होतो. शिडी चढा, झोपा, खुंट्या ठोकायची भानगड नाही. पण तो 60 किलोंच्या आसपास भरतो. टपाला चालत्या गाडीत किती भार चालतो तो आकडा वेगळा असतो आणि त्यात कॅरिअरचंही वजन धरावं लागतं. शिवाय एवढं ओझं डोक्यावर घेऊन टेकडीच्या उतारावर गाडी तिरकी झाली की ती कलंडायला फार निमित्त लागत नाही. आम्ही जमिनीवरच्या तंबूच्या बाजूचे. दोन माणसांचे दोन तंबू मिळून 8 किलोंत येतात.

तंबू घ्यायचा तो आपल्या काठ्यांवर उभा राहणारा, घुमटाकार. आतली बाजू नुसत्या जाळीची असेल तर पिठासारखी वाळू त्यातून गाळून अंगावर येते. जाळीवर चेनवालं कापड ओढता येईल असा बघावा. चेनला तेल कधीच लावू नये, तेलाला वाळू चिकटते आणि दोन दिवसांत चेनचे दात झिजतात. कोरडा ब्रश फिरवला की पुरे.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या वाळूत लोण्यात सुरी जावी तशा जातात आणि तशाच बाहेर येतात. त्यांच्याऐवजी रिकाम्या कापडी पिशव्या न्याव्यात, प्रत्येक तंबूला 8. पिशवी वाळूनं भरायची, तोंड बांधायचं आणि ताणदोरी पिशवीच्या मधोमध आवळायची. मग हातभर खोल चर खणायचा, दोरीच्या दिशेला काटकोनात. पिशवी त्यात आडवी ठेवून वर वाळू लोटायची आणि पायानं दाबायची. दोरी वर येते त्या जागी चराच्या काठाला तिरकी खाच द्यायला विसरू नये, नाहीतर ताण सरळ वर बसतो आणि पिशवी उपटून येते. रिकाम्या 8 पिशव्यांचं वजन नगण्य. हे सगळं सूर्य मावळायच्या तासभर आधी व्हायला हवं. जागा निवडताना कोरड्या नदीपात्राची सपाट, आयती वाळू कितीही बोलावत असली तरी तिथे मुक्काम नाही. पाऊस कुठेतरी लांब पडतो आणि लोंढा इथे येतो.

रात्रीच्या थंडीला लोक हमखास फसतात. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू अंधार पडताच उष्णता सोडून देते. थंडीच्या दिवसांत पहाटे पारा शून्याखाली जाऊ शकतो. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं ‘आरामदायी’ असेल तेवढंच खरं धरावं. सर्वांत खालचा आकडा जीव वाचण्यापुरता असतो, झोप लागण्याचा नव्हे. खाली हवा भरायची गादी न घेता फोमची जाड मॅट घ्यावी. काट्यानं भोक पडलं तरी तिचं काही बिघडत नाही. घडीच्या खाटा चार घेतल्या तर 20 किलोंच्या वर जातात, आणि खालून वारा लागतो म्हणून मॅट पुन्हा हवीच. आमच्या यादीतून खाटा गेल्या त्या गेल्याच.

फ्रिजवर मात्र थोडं थांबायला हवं. स्वस्तातला, कॉम्प्रेसर नसलेला कूलर बाहेरच्या तापमानापेक्षा 15-20 अंशच खाली नेतो. बाहेर 42 असेल तर आत 25. घ्यायचा तर 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घ्यावा, 40 लिटरचा. चालू असताना तो 4-5 अँपिअर ओढतो. ‘बॅटरीत वीज असून फ्रिज बंद पडतो’ ही तक्रार बहुतेक वेळा वायरची असते. गाडीच्या बॅटरीपासून मागच्या फ्रिजपर्यंत 6 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 12 मीटर तांबं. 1 चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये 5 अँपिअरला तेवढ्यात सुमारे 1 व्होल्ट जिरतो. बॅटरी 12.2 दाखवते, फ्रिजला पोचतात 11.2, आणि तो बॅटरी संपली समजून स्वतःला बंद करतो. 6 चौरस मिलिमीटरची वायर टाकली की तूट 0.2 व्होल्टच्या आत येते. फ्यूज बॅटरीला लागूनच बसवायचा, फ्रिजजवळ नव्हे; मधे वायर घासून उघडी पडली तर आग थोपवणारं तेवढंच असतं.

फ्रिजसाठी वेगळी बॅटरी हवीच, नाहीतर सकाळी गाडी सुरू होत नाही. 100 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी 30 किलोंच्या आसपास आणि तिच्यातली निम्मीच वीज वापरावी. तेवढ्याच क्षमतेची लिथियम 12-13 किलोंची. 90 किलोंतले 17 सुटतात. एकच पथ्य: शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही.

शेगडीचं थोडक्यात. निव्वळ ब्युटेनचा डबा कडाक्याच्या पहाटे पेटत नाही, कारण शून्याच्या जरा खालीच त्याचा वायू होणं थांबतं. प्रोपेन मिसळलेला घ्यावा. वारा अडवायचा पत्रा डबा आणि बर्नर दोघांभोवती गुंडाळू नये, डबा तापून फुटतो. आणि हे डबे दुपारी बंद गाडीत सोडू नयेत, 50 अंशांची मर्यादा त्यांच्यावरच छापलेली असते.

वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा 35 पीएसआयवरून 18 वर आणायची. टायर लांबट पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. फार खाली, 12-13 पर्यंत गेलात आणि जोरात वळलात, तर टायर रिंगवरून निसटतो. रुतल्यावर आधी लांब दांड्याचं फावडं, मग चाकाखाली घालायच्या पट्ट्यांची जोडी. जॅकखाली फूटभर चौरस, जाड प्लायवूडचा तुकडा लागतो, नाहीतर गाडी तिथेच राहून जॅकच वाळूत उतरतो. ओढायचा दोर गाडीमागे ट्रेलर जोडायला असलेल्या गोळ्याला कधीही अडकवू नये. गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो. चॅसिसला बोल्टनं बसवलेला हूक आहे का, हे निघण्याआधी गाडीखाली शिरून बघावं.

एक छोटी वस्तू आवर्जून: अतिनील टॉर्च. तिच्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतात. पहाटे तंबूबाहेर पाय टाकण्याआधी एकदा फिरवायची, आणि बूट झटकायचे ते झटकायचेच.

चाकांत हवा परत भरायचा कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा नको. मोठ्या टायरला लागणाऱ्या करंटवर त्या सॉकेटचा फ्यूज उडतो. थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्यावा आणि इंजिन चालू ठेवून वापरावा. 18 वरून 35 वर चार चाकं न्यायला लहान कॉम्प्रेसरला अर्धा तास सहज लागतो, आणि मधे तो गार होऊ द्यावा लागतो. डांबर लागलं की हे आधी करायचं. कमी हवेच्या टायरची बाजू पक्क्या रस्त्यावर वेगात सतत दुमडते, तापते आणि फाटते.