‘आवरलं’

दोन सख्खे भाऊ आरोपी, मयताच्या पोटात एक वार आणि नेत्रसाक्षीदार एकच, मयताची बहीण. खालच्या कोर्टाने दोघांनाही भारतीय दंड संहितेचं खुनाचं कलम ३०२ आणि सोबत ३४ लावून जन्मठेप दिली होती. माझा अशील धाकटा. सुरा मोठ्याच्या हातात होता. धाकट्यावर ठपका एवढाच, की त्याने मयताला मागून पकडलं.

अपिलात साक्षीदार समोर नसतो, पेपर बुक असतं, म्हणजे खालच्या कोर्टातल्या कागदांची बांधलेली प्रत. आमच्याकडे साक्ष मराठीत नोंदली जाते आणि तिची इंग्रजी प्रतही होते. वरच्या कोर्टात बहुतेक वेळा वाचली जाते ती इंग्रजी. ठाणे ते सीएसएमटी लोकलमध्ये मी ती चार वेळा वाचली होती. सुनावणीच्या आदल्या रात्री नौपाड्यातल्या ऑफिसात बसून मराठी पानं काढली, आणि एका ओळीवर बोट थांबलं.

इंग्रजीत होतं, धाकट्याने पकडून ठेवलं आणि मोठ्याने भोसकलं. बहिणीचं मूळ वाक्य असं: ‘धाकट्याने माझ्या भावाला मागून आवरलं, तेवढ्यात मोठ्याने कमरेचा सुरा काढून मारला.’

आवरलं! चाळीत दोघं जुंपले की आपण कोणाला तरी ‘अरे, आवर त्याला’ म्हणतो, ते भांडण सोडवायला. आणि ‘तेवढ्यात’ इंग्रजीत उरलंच नव्हतं. सुरा आधीपासून हातात नव्हता, धाकट्याने धरल्यावर कमरेतून निघाला. तो कमरेला आहे हे धाकट्याला ठाऊक होतं, असं एकही साक्षीदार म्हणत नाही. वर बहिणीनेच उलटतपासात कबूल केलं होतं, की आपला भाऊ आधी अंगावर धावून गेला होता.

दोषारोपपत्रात मात्र नेहमीचं वाक्य होतंच: ‘आपसात संगनमत करून’. ते इतक्या यांत्रिकपणे टाइप होतं, की संगनमत कधी, कुठे, कशावरून झालं हे तपास करणाऱ्यालाही विचारावंसं वाटत नाही. मला या वाक्याची चीड आहे.

३४ हा स्वतंत्र गुन्हा नाही, इरादा सामाईक असेल तर एकाचं कृत्य दुसऱ्याच्या माथी मारण्याचा नियम आहे. आता तोच भारतीय न्याय संहितेत ३(५) झाला. नुसता बाहेर उभा राहणाराही खुनात सापडू शकतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या अपिलाच्या शेवटच्या कोर्टाने, १९२५ मध्ये बारेंद्रकुमार घोषच्या प्रकरणात ठरवलं. पण त्याच कौन्सिलने १९४५ मध्ये महबूब शाहला सोडताना बजावलं, की दोघांचा इरादा सारखा असणं वेगळं आणि सामाईक असणं वेगळं. माझा सगळा युक्तिवाद या फटीत उभा होता. बहीण खोटारडी आहे असं मला म्हणायचंच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या वडिवेलु थेवर निकालानंतर (१९५७) एकाच भरवशाच्या साक्षीवरही शिक्षा टिकते. मी म्हणत होतो, तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवा, फक्त तिच्याच शब्दांवर ठेवा.

सरकारी वकील बाईंनी नेमका घाव घातला. त्या तयारीने येतात, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. म्हणाल्या, “सोडवायचंच होतं तर स्वतःच्या भावाला का नाही आवरलं?” न्यायमूर्तींनी मूळ पान मागवलं. मी ते वाक्य मोठ्याने मराठीत वाचलं. मागच्या बाकावर बहीण बसली होती. तारखेला ती यायचीच. मांडीवर कापडी पिशवी, खाली मान. आपलं वाक्य कानावर पडताच तिने मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

मोठ्याची शिक्षा कायम राहिली. धाकटा संशयाचा फायदा मिळून सुटला.

खालच्या कोर्टात धाकट्याची बाजू लढलेल्या वकिलावर मी त्या रात्री मनातल्या मनात चिडलो होतो. “बाई, ‘आवरलं’ म्हणजे नेमकं काय केलं?” हा एक प्रश्न त्याने बहिणीला विचारला नाही. पण उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासात विचारू नये, हे मीच ज्युनिअर्सना शिकवतो. तिने “वार करता यावा म्हणून धरलं” असं उत्तर दिलं असतं, तर आमचं अपील तिथेच संपलं असतं. म्हणजे धाकटा सुटला तो कोणी न विचारलेल्या प्रश्नामुळे. तिने पाहिलं ते काय होतं, हे मला आजही माहीत नाही. ते सांगू शकणारी बाई माझ्यापासून दहा हातांवर बसली होती आणि तिथे तिला बोलता येत नव्हतं.

निकालानंतर ती पिशवी सावरत दाराकडे आली. मी बाजूला होऊन वाट दिली.