विरजण कुठलं?

इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या गणपतीला किंवा कुणाकडे जेवायला जायचं असलं की दह्याचं पातेलं माझ्याकडे असतं. आणि दरवेळी कुणीतरी विचारतंच, "विरजण कुठलं हो तुमचं? भारतातून आणलंत?" मी "सासरचं" म्हणून मोकळी होते. माझा नवरा अमेरिकन आहे हे ज्यांना ठाऊक असतं, ते त्यावर आणखीच गोंधळतात. परवा तुम्हीही तेच विचारलंत आणि "हसण्यावारी नेऊ नका, नीट सांगा" म्हणालात. तर नीट सांगते.

विरजण माझ्या नवऱ्याच्या आजीचं, सित्तूचं. लेबनॉनहून फार पूर्वी अमेरिकेत आलेल्या घरांमध्ये आजीला सित्तू म्हणतात, हल्ली आलेले लोक तेता म्हणतात. गंमत म्हणजे तीही आम्हाला सित्तूच म्हणायची. तिकडे आई लेकराला 'मामा' अशी हाक मारते, आजी नातवंडाला आजीच म्हणते. लग्नानंतर पहिल्या भेटीत तिने मला "सित्तू, जेवलीस का?" विचारलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, आणखी कोण म्हातारी आली म्हणून.

तिचा जन्म १९०९चा, झहलेजवळच्या एका खेड्यातला. पहिल्या महायुद्धात त्या डोंगराळ मुलखात जो दुष्काळ झाला, त्याला नुसता निसर्ग जबाबदार नव्हता. १९१५ साली टोळधाड आली हे खरं, पण समुद्रावर दोस्तराष्ट्रांची नाकेबंदी होती आणि उरलंसुरलं धान्य तुर्की फौजेने उचललं. तीन माणसांतलं एक गेलं असं मानतात. सित्तू त्याबद्दल बोलायची नाही. एवढंच सांगायची, की टोळ आले तेव्हा आईने भर दुपारी दिवा लावला. आणि टेबलावरून भाकरीचा तुकडा खाली पडला तर तो उचलून ओठांना लावायची, मग कपाळाला. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला माझी आजीच आठवली. फक्त ती ओठांना लावत नसे.

१९२० साली ती आईबरोबर निघाली. बैरूतहून मार्सेय, तिथून न्यूयॉर्क. कागदांवर 'सीरिया' लिहिलेलं. वडील आधीच ओहायोतल्या टोलेडोत येऊन दारोदार सुया, दोरे, लेस विकत होते. त्यांच्या वस्तीचं नावही 'लिट्ल सीरिया'. चार वर्षांनी नवा कायदा आला आणि तिकडच्या माणसांचा कोटा वर्षाला शंभरावर आला. मागून येणार असलेली मावशी राहिली ती राहिलीच.

आता विरजण. निघायच्या आदल्या आठवड्यात तिच्या आईने सुती फडकं दह्यात बुडवलं, उन्हात कडकडीत वाळवलं आणि घडी घालून पोलक्यात ठेवलं. न्यूयॉर्कच्या बंदरात डॉक्टरांनी पापण्या उलटून डोळे तपासले, फडक्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. टोलेडोत पोचल्यावर ते कोमट दुधात सोडलं. ही गोष्ट मी किती जणांना रंगवून सांगितली असेल! अमेरिकेतल्या कितीतरी लेबनीज घरांत हीच गोष्ट सांगतात हे मला पुढे कळलं.

दह्याला ते लबन म्हणतात, विरजणाला रौबे. सित्तूने मला शिकवलं ते असं. दूध उकळून निवत ठेवायचं. मग करंगळी बुडवून मोजायचं: वाहद, त्नेन, त्लाते... दहाच्या आत बोट काढावंसं वाटलं तर थांबायचं. दहा झाले तरी चटका जाणवला नाही तर उशीर झाला, पुन्हा तापवा. या दोन्हींच्या मधली वेळ साधली की विरजण लावायचं, पातेल्यावर हवेतच क्रूस काढायचा आणि झाकून लोकरी ब्लँकेटात गुंडाळायचं. क्रूस मी काढत नाही. मोजते मात्र अरबीतच, मराठीत मोजलं की घाई होते.

१९९६ साली माझी आई साताऱ्याहून आली. सित्तूच्या स्वयंपाकघरात नळाला फडक्याचं गाठोडं टांगलेलं, खाली पाणी ठिबकतंय. आई दारातूनच म्हणाली, "अगं, हिने चक्का लावलाय!" चक्काच तो. ते त्याला लबने म्हणतात आणि मीठ, सुका पुदिना, ऑलिव्हचं तेल घालून भाकरीशी खातात. आईला राहवेना. दुसऱ्या दिवशी तिने तो चक्का मागून घेतला आणि त्यात साखर घोटायला बसली. वेलची घातली, सोबत आणलेलं केशर घातलं. सित्तू दाराशी उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "हराम."

आईचा हात थांबला. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय म्हणाली ही मला?"

नवऱ्याने धावत येऊन उलगडा केला, की लेबनीज बोलीत हराम म्हणजे 'अरेरे, बिचारं!' आणि ते आईला नव्हतं, लबनेला होतं. संध्याकाळी सित्तूने तेच श्रीखंड भाकरीला लावून खाल्लं. वरून मीठ भुरभुरवून.

२००१ मध्ये मी कुणा पाहुण्यांना फडक्याची गोष्ट सांगत होते. सित्तू तेव्हा ब्याण्णव वर्षांची. खुर्चीत डुलकी घेतेय असं वाटलं होतं, ती मधेच बोलली, "ते विरजण? ते तर १९३६लाच गेलं." त्या उन्हाळ्यात इकडे उष्णतेची भयंकर लाट आली होती. दही नासलं, विरजणाची वाटीही नासली. मग? मग शेजारणीकडून आणलं. शेजारीण सीरियातल्या होम्स शहरची, तिचं चर्च वेगळं, तिच्याशी फारसं पटायचं नाही. "पण दही चांगलं लावायची," सित्तू म्हणाली. मी विचारलं, म्हणजे फडक्याची गोष्ट खोटी? ती चिडली. "फडकं होतं!"

पुढच्या मार्चमध्ये ती गेली. माझ्या नवऱ्याला ती लहानपणापासून 'तोबुर्नी' म्हणायची. म्हणजे 'तू मला पुरावंस', तुझ्याआधी मी जावं. आपल्याकडची आजी जशी इडापिडा स्वतःवर ओढून घेते, तसंच. दफनाच्या वेळी जमीन थंडीने कडक होती. मूठभर माती सुटायला त्याला वेळ लागला.

आणि आता कबूल करायचं ते. पाच वर्षांपूर्वी आम्ही महिनाभर साताऱ्याला गेलो होतो, तेव्हा इथे वीज गेली आणि फ्रिजमधलं सगळं खराब झालं, विरजणासकट. मी त्या रिकाम्या डब्यासमोर बसून रडले. नवरा समजूत घालत होता आणि मला त्याचाच राग येत होता. मग आठवलं, की मंडळातल्या एका नागपूरच्या मैत्रिणीला मी कधीकाळी वाटीभर दिलं होतं. फोन केला. ती म्हणाली, "अवो, रोज लावते नं मी. घेऊन जा की."

तेव्हा सध्याचं विरजण त्या नागपूरकरणीच्या घरचं, तिला माझ्याकडून, मला सित्तूकडून, तिला होम्सच्या त्या न पटणाऱ्या बाईकडून.

तुम्हाला हवं असेल तर शनिवारी या. काचेची बरणी आणा, प्लॅस्टिक नको. आणि दिवेलागणीच्या आत या, तिन्हीसांजेला मी विरजण देत नाही. तो नियम सित्तूचा नाही, माझ्या आईचा.