म्युन्स्टर: पिंजऱ्यांच्या आधी सियोन डोंगर

जर्मनीतल्या म्युन्स्टरला आलेले बहुतेक जण प्रिन्झिपालमार्क्टवरून लाम्बर्टी चर्चच्या मनोऱ्यावरचे तीन लोखंडी पिंजरे पाहतात, फोटो काढतात आणि निघतात. पण पिंजरे हा या घटनेचा शेवट. मी म्हणेन, सुरुवात जवळच्या डोमप्लाट्झवरून करा. १५३४ मध्ये शहर ताब्यात आल्यावर अ‍ॅनाबाप्टिस्टांनी (प्रौढपणीचाच बाप्तिस्मा खरा मानणारा ख्रिस्ती पंथ) या चौकाला सियोन डोंगर, म्हणजे बायबलमधला यरुशलेमचा पवित्र डोंगर, म्हटले.

प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायातले नवे यरुशलेम १५३३ मध्ये स्ट्रासबुर्गला अवतरेल, असे या पंथाचा उपदेशक मेल्खिओर हॉफमन सांगत होता. भक्तांनी मात्र शस्त्र उचलायचे नाही, वाट पाहायची. हार्लेमच्या यान मात्थिस या पाववाल्याने ते शहर म्युन्स्टर ठरवले आणि तलवार भक्तांच्या हाती दिली. माझ्या मते सगळा अनर्थ या दुसऱ्या बदलात आहे. वचनाचा अर्थ लावणे संपले, अंमलबजावणी सुरू झाली. प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा न घेणाऱ्यांना फेब्रुवारीच्या थंडीत वेशीबाहेर काढले. मालमत्ता सामायिक झाली, बायबल सोडून इतर पुस्तके जाळली. १५३४ च्या ईस्टरला जग बुडेल हे मात्थिसचे भाकीत. त्याच दिवशी तो मोजक्या साथीदारांसह शहराला वेढा घातलेल्या बिशपच्या सैन्यावर चालून गेला आणि मारला गेला. भाकीत फसले, पण राज्य टिकले: लायडनचा शिंपी यान सप्टेंबरात बायबलमधल्या दाविद राजाच्या गादीवर राजा झाला. त्यांचा धर्मोपदेशक बर्नहार्ड रोथमनने त्या डिसेंबरात सूडाचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली.

कॅथेड्रलमधले खगोलीय घड्याळ अवश्य पाहा. जुने या पंथाच्या मूर्तिभंजनात फुटले. सध्याचे १५४० ते १५४२ दरम्यानचे, त्याची दिनदर्शिका २०७१ पर्यंत चालते. दुपारी १२ ला, रविवारी १२:३० ला बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या मूर्ती फिरतात. जागा हवी तर थोडे आधी पोहोचा.

पिंजऱ्यांसाठी दुर्बीण हवीच. ते मनोऱ्याच्या घड्याळाच्याही वर आहेत. जून १५३५ मध्ये शहर पडले. २२ जानेवारी १५३६ ला राजा यान आणि त्याचे साथी क्निपरडोलिंग व क्रेख्टिंग यांना तापल्या सांडशींनी यातना देऊन मारले आणि प्रेते वर टांगली. आजचा मनोरा मात्र १९ व्या शतकाच्या अखेरीस नव्याने बांधलेला आहे. पिंजऱ्यांच्या प्रतिकृती शहर संग्रहालयात जवळून पाहता येतात.

त्याच जानेवारीत नेदरलँड्सच्या फ्रिसलंडमध्ये मेन्नो सिमन्सने कॅथलिक पाद्रीपण सोडले आणि विखुरलेल्या अ‍ॅनाबाप्टिस्टांना शस्त्राविना एकत्र आणले. आजचे मेनोनाइट त्याचेच नाव लावतात.