लेस आली आणि गेली: हलीमची पाचवी खेप

शनिवारी मगरिबच्या, म्हणजे रोजा सोडायच्या अजानीला वीसेक मिनिटं होती. डेगचीत हलीम होतं: गहू, मटण, डाळी शिजवून एकजीव घोटलेलं. घोटणी वर उचलली तर तिला वीतभर तार लटकली. तुटली नाही, बारीक होत होत सावकाश खाली उतरली. भाईला हाक मारून दाखवली. तो म्हणाला, "दिसली. आता हलव, बुडाला लागेल." रमझानच्या आधीच्या शाबान महिन्यापासून चार शनिवार जिच्यापायी घालवले, त्या लेसचं, म्हणजे त्या चिकट तारेचं, घरात एवढंच कौतुक झालं.

पहिली खेप कुकरची होती. दुसरीत मिक्सर फिरवला आणि लग्नपत्रिका चिकटवण्याची खळ झाली. पातं मटणाचा धागा कापून टाकतं, आणि धागा गेला की उरतो फक्त गव्हाचा गोळा. मिक्सरवाल्यांनी माझ्याशी वाद घालू नये. तिसऱ्या खेपेपासून लाकडी घोटणी धरली, चौथ्या खेपेला डाळी निम्म्या केल्या. चव सुधारत गेली, पण चमचा उचलला की हलीम पिठल्यासारखं थबकन पडायचं.

संशय कशाकशावर घेतला नाही! खाटकाने दस्तीऐवजी (पुढच्या पायाच्या मटणाऐवजी) पाठीचं दिलं असेल. गॅसची आच मोठी असेल. डेगची अॅल्युमिनियमची म्हणून असेल (मग अम्मीची तांब्याची काढली, कल्हईवाला शोधण्यात दोन दिवस गेले, शेवटी भांडी बाजारात काम झालं). गव्हावर मात्र संशय गेला नाही, कारण तो माझ्या कौतुकाचा होता: खपली. देशी, जुना, महाग. एवढे पैसे मोजल्यावर त्याच्यात खोट असेल असं मनात येत नाही.

खोट सापडली सहेरीला, रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाला. घरातलं लोकवनचं पीठ संपलं होतं, म्हणून अम्मीने माझं खपलीचं पीठ मळलं. पराठा लाटताना कडा फाटायला लागल्या. दोनदा जोडल्या, तिसऱ्यांदा लाटणं आपटून म्हणाली, "इस आटे में जानच नहीं रे." हातातला चहा तसाच राहिला. खपलीतलं ग्लुटेन कमकुवत असतं हे वाचलेलं होतं, फक्त ते माझ्या डेगचीशी कधी जोडलं नव्हतं.

फजरनंतर झोपायचं सोडून बेसिनपाशी उभा राहिलो. लोकवनचं पीठ शेजारून वाटीभर आणलं. दोन्ही पिठांचे लिंबाएवढे गोळे मळले, अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवले, मग एकेक गोळा वाडग्यातल्या पाण्यात चोळत धुतला. लोकवनचं पाणी दुधासारखं झालं, तीनदा बदललं, आणि हातात राखाडी, रबरासारखा गोळा उरला. ओढला की ताणायचा, सोडला की आकसायचा. खपलीचा गोळा दुसऱ्याच पाण्यात विरघळला, गाळणीत नुसता चुरा. करून बघा, पाच रुपयांचं पीठ लागतं. शिजल्यावर त्या चिवटपणातलं किती टिकतं यावर भांडता येईल, पण मला पुरावा पुरला. खपलीची खीर आवडते ती दाणा मोकळा राहतो म्हणून, आणि त्याच मोकळेपणाने माझी चार हलीमं खाल्ली.

मग लोकवन आणला. "हलीमचा गहू" म्हणून तयार पाकीट मिळतं ते घेऊ नका. एका दुकानातून घेतलेलं फोडल्याबरोबर खवट वास आला. साधा गहू आणून ओलवला, खलबत्त्यात थोडा थोडा कांडून साल सोडवली, सुपात पाखडला, रात्रभर भिजवला. प्रमाणही बदललं. हैदराबादी हलीमला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात मटण आणि गहू 10 ला 4 धरले आहेत. मी आतापर्यंत निम्मानिम करत होतो. या वेळी 1 किलो दस्ती, 400 ग्रॅम गहू, मूठभर जव, चारही डाळी मिळून एक मूठ. एकाच खेपेत गहूही बदलला आणि प्रमाणही, हे शास्त्राला धरून नाही, कबूल. पण रमझान संपत आला की माणूस शास्त्र बघत नाही.

मसाल्यात फक्त कबाबचिनी वाढवली, नाशकात रविवार कारंजाजवळ काष्ठौषधीच्या दुकानात मिळाली. पाकिटातल्या हलीम मसाल्यात धन्याशिवाय काही लागत नाही.

नळ्या आठ टाकल्या, आठ मोजून काढल्या. असरनंतर भाई आणि मी आलटून पालटून चाळीस मिनिटं घोटलं. रोजात घोटणं म्हणजे काय ते घशाला विचारा. आणि मग ती तार.

आता मीठ. रोजात आम्हाला चाखायचं नसतं, म्हणून चाखणारी आमची सात वर्षांची भाची. चमचा चाटला आणि म्हणाली, "मस्त!" ती कच्च्या कणकेलाही मस्त म्हणते, हे मला आठवायला हवं होतं. खजूर, दोन घोट सरबत, हलीमचा पहिला घास, आणि भाईने न बोलता लिंबू पुढे केलं. यख्नीत (मटण शिजवलेल्या पाण्यात) सुरुवातीलाच पूर्ण मीठ घातलं होतं, ती आटून निम्मी झाली. फ्रीजरमध्ये चौथ्या खेपेचा अळणी घोटा दोन वाट्या पडून होता. गरम करून मिसळला. मीठ बसलं, लेस गेली. तो घोटा खपलीचा होता.

वरून घालायच्या तळलेल्या कांद्याने, बिरिस्त्याने, तेवढी लाज राखली. रांगडा कांदा तळून ठेवला की तासाभरात मऊ पडायचा, पाणीच फार. बाजारात नवा उन्हाळ कांदा आला आहे. तो मंद आचेवर तळून कागदावर पसरला, इशाची नमाज होऊन आलो तरी कुरकुरीत होता. अर्धा डबा तर मी नुसताच खाल्ला.

पुढच्या शनिवारी हीच खेप नीट मिठाची करायची ठरवली होती. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी अरबी हरीस करावी: गहू, मटण, मीठ, तूप, बस. डाळी नाहीत, मसाला नाही, म्हणजे लेस गव्हाची की डाळीची हा प्रश्नच मिटेल. मीठ शेवटी. आणि चाखायला शेजारचे काका, त्यांना रोजे नाहीत आणि तोंड फटकळ आहे. काळ्या द्राक्षांच्या सरबताचं राहिलंच; निफाडहून दोन किलो द्राक्षं आली आहेत, सब्जा भिजत घातलाय.