रामल्याहून यरुशलेमला पायी, काकांच्या कटकटीसह

येशूच्या आधी जे ज्यू होऊन गेले त्यांचं तारण कसं झालं, हा प्रश्न आमच्या नगरच्या चर्चमध्ये अधूनमधून कोणीतरी विचारतंच, आणि उत्तर दरवेळी तेच, की ते लोक पुढे येणाऱ्या मशीहाकडे बघून विश्वास ठेवत होते, आपण मागे बघून ठेवतो, मधे वधस्तंभ, संपला विषय. मला हे संडे स्कूलपासून पाठ आहे. पण हे उत्तर एखाद्या सत्तरी ओलांडलेल्या ज्यू माणसाला भर उन्हात चढावर ऐकवून बघा, मग कळतं.

नवऱ्याच्या पोस्टडॉकमुळे आम्ही इस्रायलमध्ये रेहोवोतला होतो तेव्हाचं हे, करोनाच्या आधीचं. रामल्याचे एक काका ओळखीचे झाले, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे, मराठी अशी की नुसतं ऐकत बसावं. ते, त्यांचा भाचा, भाचेसून आणि शेजारचे दोघं असे दरवर्षी शावुओतला, म्हणजे आपल्या बायबलमधल्या सप्ताहांच्या सणाला, यरुशलेमला चालत जायचे. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात सांगितलंय ना, वर्षातून तीनदा परमेश्वरासमोर हजर व्हायचं, वल्हांडण, सप्ताह, मंडप, आणि रिकाम्या हाताने यायचं नाही. मंदिर इसवी सन 70 मध्ये गेलं, तरी काकांचं चालणं काही सुटलं नव्हतं. मी म्हटलं मीपण येते. काका म्हणाले ये, पण चांगले बूट घाल. मी घातले होते, नवे घातले होते, हेच चुकलं असं भाचेसून नंतर दोन वेळा म्हणाली, तिसऱ्यांदा मी तिच्याकडे नुसतं बघितलं.

रामला सोडलं, सपाट रस्ता, कापलेल्या गव्हाची शेतं. लात्रूनचा मठ, द्राक्षमळे, फोटो. त्यानंतर नुसतं ऊन.

काकांची पद्धत अशी की चढ लागला की स्तोत्रसंहितेतली आरोहणस्तोत्रं सुरू करायची, 120 पासून 134 पर्यंत, सगळी पंधरा. ते हिब्रूत म्हणायचे, मी मागून मराठीत, भाचा मधेच फोन घ्यायचा. 121 सगळ्यांनाच येतं, डोंगरांकडे डोळे लावतो ते, आणि समोर डोंगर खरंच होते त्यामुळे म्हणायला मजा आली. पहिल्या दिवशी का दुसऱ्या ते आठवत नाही, पण शार हगायच्या तिथे, जिथे रस्त्याच्या कडेला 1948 च्या लढाईतल्या चिलखती गाड्यांचे सांगाडे ठेवलेत, तिथे मी तो प्रश्न काढला. काका, तुमच्या लोकांचं तारण मग कशाने व्हायचं, नियम पाळून?

काका चालता चालता थांबले. ते थांबले की सगळ्यांना थांबावं लागतं.

"मिसरातून बाहेर काढलं तेव्हा आम्ही काय पाळत होतो पोरी? शनिवार नाही, खाणंपिणं नाही, काही नाही. आधी सुटका झाली, समुद्र फाटला, आणि मग पन्नास दिवसांनी सिनाय डोंगरावर नियम. आपण चाललोय कुठल्या सणाला? त्याच ना? दहा आज्ञांचं पहिलं वाक्य काय आहे, सांग."

मला येत होतं. मी तुझा देव परमेश्वर, ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. निर्गम 20. लहानपणी आम्ही आज्ञा पाठ करताना हे वाक्य पटकन म्हणून टाकायचो आणि खऱ्या आज्ञेवर यायचो, चोरी करू नको वगैरे. यात नियमाच्या आधी उपकार आलाय हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. आत घेतलं आधी, घरात कसं राहायचं ते नंतर सांगितलं. 1977 साली ई. पी. सँडर्स नावाच्या अभ्यासकाने येशूचा प्रेषित पौल याच्यावरच्या पुस्तकात साधारण हेच मांडलं, की त्या काळचे ज्यू नियम पाळून देवाच्या करारात शिरत नव्हते, ते निवडीने आणि कृपेने आधीच आत होते, नियम हे आत टिकून राहण्यासाठी, आणि चुकलं तर परत यायला पश्चात्ताप आणि अर्पणं. त्याच्यावर पुष्कळ टीकाही झाली, सगळ्या ज्यू ग्रंथांना एकच माप लागत नाही म्हणून, आणि ती मला पटते. पण ज्यू म्हणजे पुण्याचा हिशोब ठेवणारी माणसं हे जे आपल्याकडे डोक्यात बसलंय ते त्यानंतर टिकत नाही.

मी अब्राहाम काढला. उत्पत्ति 15, त्याने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्व असा गणला. सुंता आली 17 व्या अध्यायात, म्हणजे विश्वास आधी, आणि पौल रोमकरांस पत्रात नेमकं हेच धरतो. मला वाटलं आता काका अडकले. काका म्हणाले, बरोबर आहे की, पौल ज्यूच होता, त्याला आमच्याच पुस्तकातून शोधावं लागलं ना, बाहेरून नाही आणलं त्याने. आणि वर चालायला लागले.

खरं सांगते, मला राग आला. वाद जिंकलेला माणूस तुमच्या पुढे चालतोय आणि तुमची टाच सोलवटलीय, यासारखं वाईट काही नाही.

दुपारी दीड-दोनला मी बसले. पाइनच्या झाडाखाली दगडावर बसले आणि सांगितलं तुम्ही जा. बूट काढला तर मोजा टाचेला चिकटलेला, फोड फुटून कातडं बाजूला झालेलं, आणि करंगळीजवळ दुसरा टम्म. काका म्हणाले नाटकं करू नको, एवढ्याने काय होतं, आमचे लोक नवगावला गलबत फुटून पोहत किनाऱ्याला लागले होते. दोन हजार वर्षांपूर्वीचं गलबत माझ्या टाचेला सांगत होते. मी काही बोलले नाही, बोलले असते तर रडले असते. सगळे जरा पुढे सावलीत जाऊन बसले, काका तोंड फिरवून.

तिथे जवळच एक इथिओपियन कुटुंब जेवायला बसलं होतं, लाकडी टेबल, पोरं, मोठा डबा. त्यातली एक बाई उठून आली, माझ्याहून थोडी मोठी असेल. काही विचारलं नाही. खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला, सरळ मांडीवर, चांगला पांढरा कपडा होता तिचा. मी पाय ओढायला लागले तर चापटी मारली. मग मुलीला हाक मारून गाडीतून काय काय मागवलं. बाटलीतलं पाणी अगदी हळू ओतलं, माती गेली, कातडं ओढून काढलं नाही, आहे तसंच परत जागेवर बसवलं. करंगळीच्या फोडासाठी सुई लायटरवर धरली, त्यात पांढरा दोरा, एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढला आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली, त्या दोऱ्यावरून पाणी आपोआप झिरपायला लागलं. आमची आजी पण असंच करायची, डॉक्टर ओरडतील माहीत आहे, पण मला त्या क्षणी डॉक्टरची नाही आजीचीच गरज होती. वर पट्टी. मग माझे नवे बूट उचलून बघितले, आत हात घालून टाचेची कड दाबली, आणि तोंड असं केलं की त्या बूट कंपनीने पाहायला हवं होतं. गाडीच्या डिकीतून निळ्या प्लास्टिकच्या चपला आणल्या, मागे पट्टा असलेल्या, आणि माझ्या पायात घातल्या. एक नंबर मोठ्या.

माझं हिब्रू बाजारापुरतं. मी विचारलं हे सगळं कुठे शिकलात. ती म्हणाली सुदानपर्यंत चालत आलो, मी लहान होते. एवढंच. पुढे काही नाही, डब्यातला आंबूस इंजेराचा, त्यांच्या भाकरीचा, तुकडा माझ्या हातात दिला आणि जेवायला गेली. 1984 च्या आसपास इथिओपियातले ज्यू तिथून सुदानच्या छावण्यांपर्यंत पायी आले होते, वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले, हे मी वाचलेलं होतं. चपला परत कशा करू विचारलं तर हात झटकला.

आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की या बाईच्या पूर्वजांकडे मिश्ना नाही, तालमूद नाही, म्हणजे रब्बींचे नियमांचे ग्रंथच नाहीत, रब्बी म्हणजे धर्मगुरूही नाहीत, मंदिर तर नाहीच, बाकी ज्यू जगाशी जवळजवळ संबंध नाही. आणि काकांच्या पूर्वजांकडे तर कोकणात पुस्तकसुद्धा नव्हतं. शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली, सुंता, खाण्याचे काही नियम, आणि सगळ्या प्रसंगांना एकच प्रार्थना, शमा, हे इस्राएला ऐक. जन्माला तीच, मरणाला तीच. हे लोक इस्रायलला आले तेव्हा 1960 च्या दशकात इथल्या काही रब्बींनी लग्नाच्या वेळी यांची वंशावळ तपासायला घेतली, तुम्ही पुरते ज्यू आहात का म्हणून. काका तेव्हा शाळेत होते, त्यांचे वडील यरुशलेमला धरण्याला बसले होते. 1964 ला सरकारने जाहीर केलं की हे सर्व बाबतींत ज्यूच. म्हणजे विश्वास आधी की नियम आधी, हा काकांसाठी पुस्तकातला प्रश्न नाहीये. आणि मी त्यांना चढावर, पाणी संपलेलं असताना, तोच विचारला.

पण नाटकं करू नको म्हणायची गरज नव्हती. हे अजूनही म्हणते.

संध्याकाळी उतारावर काका मागे राहून माझ्या बरोबरीने चालायला लागले. खिशातून पिशवी काढली, पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, मलिद्याला करतात तसं. खा म्हणाले. मग म्हणाले मी मघाशी बोललो ते सोड. मी म्हटलं ठीक आहे. ते म्हणाले ठीक आहे नाही, नीट सांग, सोडलंस का, कारण देवाविरुद्ध काही केलं तर दारफाळणीच्या, म्हणजे योम किप्पुरच्या, उपासाला माफ होतं, पण माणसाचं केलं असेल तर त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय दारफाळणीलाही सुटत नाही, मिश्नात लिहिलंय, आणि त्याच्याच वर लिहिलंय की पाप करीन, पश्चात्ताप करीन, परत पाप करीन म्हणणाऱ्याला पश्चात्तापाची संधीच मिळत नाही. सोडलं म्हटलं. पिशवीतले अर्धे पोहे मी संपवले.

त्या मूडमधे त्यांनी 130 वं काढलं. इतक्या वर्षांत मी ते प्रेतयात्रेतच जास्त ऐकलेलं. हे परमेश्वरा, तू अधर्म मनात धरशील तर कोण टिकेल? पण तुझ्याजवळ क्षमा आहे. हे वर चढणाऱ्यांचं गाणं आहे, येशूच्या कितीतरी आधीचं, हे म्हणत लोक बळी घेऊन याच चढाने जात होते. कोण टिकेल म्हणणारी माणसं आपल्या करणीवर उड्या मारत नव्हती एवढं तर उघड आहे. मग बळी कशाला? मी विचारलं, या वेळी भांडायला नाही. काका म्हणाले ती वाट त्यानेच घालून दिली म्हणून, बळीने त्याला विकत घेता येतं असं कोणी म्हणालं तर मीखा संदेष्टा वाच, हजारो मेंढे आणि तेलाच्या दहा हजार नद्या त्याला नकोत, न्यायाने वाग, दया कर, नम्रपणे चाल. आणि स्वर्गाचं? तर म्हणाले त्यावर तेव्हा एकमत कुठे होतं, सदूकी पंथाचे ज्यू तर मेलेले उठतात हेच मानत नव्हते, परूशी पंथाचे मानायचे, दानीएलच्या पुस्तकाच्या शेवटी आहे ते. तारण म्हणजे मेल्यावर कुठे जाणार हा तुमचा प्रश्न, आमच्या कितीतरी लोकांसाठी तारण म्हणजे शत्रू गेला, पाऊस पडला, घरी परत आलो.

एन कारेम. कॉफी. शहर.

मिश्नात सुंदर वर्णन आहे, प्रथमफळं घेऊन लोक यायचे तेव्हा पुढे बैल, शिंगं सोन्याने मढवलेली, डोक्यावर जैतुनाचा मुकुट, बासरी वाजतेय, आणि यरुशलेमचे कारागीर काम सोडून उभे राहून म्हणायचे, अमुक गावच्या भावांनो, सुखाने या. आपल्या वारीत गावं दारात उभी राहतात तसं. आमच्यासाठी एक पोरगा इलेक्ट्रिक स्कूटरवरून बाजूला व्हा ओरडत गेला. निळ्या चपला फटक फटक. सूर्य मावळायच्या आत भाच्याच्या मित्राच्या घरी पोचलो, कारण सण लागला की प्रवास बंद.

रात्रभर जागून वाचन असतं. भाच्याने तालमूदमधलं काढलं, रब्बी सिमलाय म्हणतो मोशेला 613 आज्ञा दिल्या, दावीदाने त्या 11 वर आणल्या, यशयाने 6 वर, मीखाने 3 वर, यशयाने परत 2 वर, आणि शेवटी, तिथलाच दुसरा एक रब्बी म्हणतो, हबक्कूकने एकावर, नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल. मी ताडकन उठून बसले, हे तर पौलाचं वाक्य! सिमलाय तिसऱ्या शतकातला, येशूनंतरचा, हे भाच्याने स्वतःच सांगितलं. पण 1947 साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत मिळालेल्या गुंडाळ्यांत हबक्कूकवरचं भाष्य आहे, ते येशूच्या आधीचं, आणि त्यात या ओळीचा अर्थ असा लावलाय की यहूदाच्या घराण्यात जे नियमशास्त्र पाळतात त्यांना देव वाचवील, त्यांच्या कष्टामुळे आणि नीतिमत्वाच्या शिक्षकावरच्या, म्हणजे त्यांच्या गुरूवरच्या, विश्वासामुळे. कष्ट आणि विश्वास एकाच वाक्यात, मधे भांडण नाही. हे भांडण आपण नंतर लावलं की ते आधीपासून आत होतंच, यावर भाचा आणि मी तीन वाजेपर्यंत बोलत होतो, काका घोरत होते.

पहाटे सगळं शहर कोटेलकडे, म्हणजे पश्चिम भिंतीकडे, चालत होतं, गेलो, बायकांच्या बाजूला चेंगराचेंगरी, एका भिंतीच्या तुकड्याला हात लागला.

येताना पायऱ्यांवर काका दम खायला बसले. मी म्हटलं काका, तुमचं सगळं ऐकलं, कृपा आधी हे पटलं, तुमचे लोक बुडाले असं मी आता कुठेच म्हणणार नाही, पण वधस्तंभ त्यांच्यासाठीही होता असं मला वाटतं आणि वाटत राहणार.

"वाटू दे की," काका म्हणाले. "मला नाही वाटत. घरी चीजकेक उरलाय का बघ, नाहीतर भाचा संपवेल."